काढता-घालता येणारी कवळी: करून घेण्यापासून अंगवळणी पडेपर्यंत

पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा खालच्या जबड्याबद्दल असते. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालची बोलताना उचलते, जेवताना सरकते, जिभेच्या बाजूने टोचते. वरच्या कवळीला हिरड्या आणि टाळू मिळून साधारण २४ चौरस सेंटीमीटर जागा टेकायला मिळते. खाली मधली जागा जिभेची, म्हणून तिथली कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची आणि जागा जेमतेम १४ चौरस सेंटीमीटर. त्यात दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि ही झीज वर्षानुवर्षांच्या हिशोबात खालच्या जबड्यात वरच्याच्या सुमारे चौपट होते. म्हणून पैसे, वेळ आणि काळजी खालच्या कवळीवर जास्त खर्च करा. वरची बहुतेक वेळा निभावून नेते.

दात काढण्याआधी विचारायचा प्रश्न

तोंडात थोडेच दात उरलेत, तेही हलताहेत, मग सगळेच काढून कवळी करू, असं घरी सहज ठरतं. त्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: खालचे दोन सुळे वाचतील का? सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, त्यामुळे आजूबाजूचे दात गेले तरी सुळे बरेचदा टिकून असतात. रूट कॅनाल करून ते हिरडीच्या वर दोनेक मिलिमीटर उरतील असे घुमटासारखे घासतात आणि त्यांच्यावरून कवळी बसवतात. वरून पाहिलं तर ती पूर्ण कवळीच. पण खाली मुळं असल्यामुळे तिथलं हाड टिकतं, कवळी सरकत नाही आणि चावताना किती जोर लागतोय हेही कळतं. अट एकच. ही दोन बुंधं रोज फ्लोराइडच्या टूथपेस्टने घासायची. नाहीतर कवळीखाली ती वर्ष-दीड वर्षातच किडू शकतात.

दात आधीच गेले असतील तर सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे धातूचे स्क्रू) घालून त्यांवर खालची कवळी बटणासारखी अडकवता येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदातांच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असं एकमताने सांगितलं होतं. खर्च वाढतो, हे उघड आहे. मात्र हाताशी पैसे मर्यादित असतील आणि वर-खाली दोन्हीकडे इम्प्लांट परवडत नसतील, तर ते खालीच घालावेत. बटणातल्या नायलॉनच्या रिंगा झिजतात आणि अधूनमधून बदलाव्या लागतात. हा खर्च सुरुवातीलाच विचारून ठेवा.

किती थांबायचं

दात काढल्यावर हिरडी भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. हाडाचा आकार सर्वांत जास्त बदलतो तो पहिल्या सहा महिन्यांत, नंतर वेग मंदावतो. दोन आठवड्यांत माप घेऊन केलेली कवळी तिसऱ्या महिन्यात ढिली झाली तर तो कारागिराचा दोष नाही, घाईचा आहे. मधुमेह असेल आणि साखर आटोक्यात नसेल तर भरून यायला आणखी वेळ लागतो.

घरात लग्न आहे, नोकरी लोकांत वावरण्याची आहे, एक दिवसही बोळक्या तोंडाने राहायचं नाही, अशांसाठी तात्काळ कवळी असते. माप आधीच घेतात आणि दात काढल्याबरोबर त्याच बैठकीत कवळी बसवतात. ती पहिले २४ तास तोंडातून काढायची नाही. काढली तर सूज चढते आणि पुन्हा बसता बसत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरच काढतील, धुतील आणि टोचणारी जागा घासून देतील. तीन ते सहा महिन्यांत तिला आतून नवा थर द्यावा लागतो किंवा दुसरी कवळी करावी लागते. म्हणजे खर्च दोनदा, हे धरूनच निर्णय घ्या.

काही दात शिल्लक असतील तर

अर्धवट कवळीचे तीन प्रकार दवाखान्यात दाखवले जातात. पहिली अॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची, तारेच्या आकड्यांची. स्वस्त, लवकर होणारी, तुटली तर दुरुस्त होणारी. पुढे आणखी एखादा दात पडला तर तिच्यातच जोडता येणारी. दोष असा की तिचा सगळा भार हिरडीवर येतो. ती हळूहळू खाली रुतत जाते आणि शेजारच्या दातांची हिरडी सोलत नेते. दुसरी लवचीक, नायलॉनसारख्या पदार्थाची. गुलाबी आकडे दिसत नाहीत, हलकी वाटते, म्हणून तिची भलामण फार होते. पण तिला आतून थर देणं अवघड, दुरुस्ती अवघड, आणि वर्ष-दोन वर्षांत पृष्ठभाग खरबरीत होऊन हळदीचे, चहाचे डाग धरतो. पुढचे एक-दोन दात असतील तर ठीक. मागच्या सगळ्या दाढा त्यावर घेऊ नयेत.

तिसरी धातूच्या सांगाड्याची, कोबाल्ट-क्रोमची. पातळ, मजबूत, आणि महत्त्वाचं म्हणजे शिल्लक दातांवर छोट्या खाचा करून त्यांत टेकणारी, त्यामुळे चावण्याचा भार दात आणि हिरडी वाटून घेतात. शिल्लक दात मजबूत असतील आणि पैशाची सोय होत असेल तर हीच घ्यावी. खाचा न करता माप घेतलं जात असेल तर "टेकायला काय आहे?" असं विचारा.

कोणाकडे

साध्या पूर्ण कवळीसाठी बीडीएस डॉक्टर पुरेसे असतात, मात्र त्यांनी नियमित कवळ्या केलेल्या असाव्यात. हाड फार झिजलं असेल, जबडा वाकडा मिटत असेल किंवा आधीच्या दोन कवळ्या फसल्या असतील तर प्रोस्थोडॉन्टिस्ट गाठा. कृत्रिम दातांचं पदव्युत्तर शिक्षण त्यांचंच असतं. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. विद्यार्थी काम करतात म्हणून खेपा जास्त पडतात, पण प्रत्येक पायरी शिक्षक तपासतात. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्या साहित्याच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे; जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात शिबिरांची चौकशी करा.

फूटपाथवर किंवा आठवडी बाजारात "अर्ध्या तासात फिक्स दात" बसवून देणाऱ्यांपासून दूर राहा. ते थंड पद्धतीचं, न शिजवता घट्ट होणारं अॅक्रिलिक थेट हिरडीवर थापतात आणि शेजारच्या चांगल्या दातांना तारेने बांधून टाकतात. कच्च्या द्रवाने हिरडी भाजते, खाली अन्न कुजतं, निघत नसल्यामुळे साफ होत नाही, आणि काही महिन्यांत बांधलेले चांगले दातही हलायला लागतात. एक दात वाचवायला जाऊन चार जातात.

माप: पाच-सहा खेपा का लागतात

पूर्ण कवळीला साधारण पाच-सहा खेपा लागतात. जुनी कवळी असेल तर शेवटच्या मापाआधी एक-दोन दिवस ती घालू नका. ढिल्या कवळीने हिरडी दबलेली, सुजलेली असते. त्याच आकारावर नवी कवळी केली तर ती सूज उतरल्यावर ढिली पडते.

पहिल्या खेपेला तयार ट्रेमध्ये ढोबळ माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो आणि साच्यावर फक्त तुमच्या तोंडाला बसेल असा ट्रे तयार होतो. दुसरी खेप सगळ्यांत कळीची. डॉक्टर ट्रेच्या कडांवर हिरव्या कांडीचं मटेरियल वितळवून लावतात आणि तोंडात ठेवून तुम्हाला ओठ गोल करायला, हसल्यासारखे ताणायला, जीभ बाहेर काढून दोन्ही गालांकडे न्यायला सांगतात. लाजून अर्धवट करू नका. जीभ इथे पुरती हलवली नाही तर कवळीची कड गरजेपेक्षा लांब राहते, आणि मग रोज बोलताना तीच जीभ कवळी उचलते, नाहीतर त्या कडेवर जखम होते. यानंतर लवंगेच्या तेलाचा वास येणारी पेस्ट भरून बारीक माप घेतात. ओठ चुरचुरतात, म्हणून आधी ओठांना व्हॅसलीन लावून घ्या. मळमळत असेल तर मान किंचित पुढे झुकवून नाकाने सावकाश श्वास घ्या आणि पायाचा एक अंगठा हलवत राहा. लक्ष तिकडे जातं.

तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून जबडे कसे मिटतात याची नोंद घेतात. बरेच दिवस बिनदातांचं राहिलेलं माणूस नकळत खालचा जबडा पुढे काढून मिटतं. त्यावर उपाय म्हणजे जिभेचं टोक टाळूला मागे लावून हळू मिटायचं. इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया, कारण दाढा एकमेकींवर बसतच नाहीत.

मेणाची ट्रायल: इथे घाई करू नका

या टप्प्याला दात गुलाबी मेणात रोवलेले असतात आणि कसेही हलवता येतात. अॅक्रिलिक झाल्यावर काहीही बदलता येत नाही. म्हणून या खेपेला घरचं एक माणूस आणि दात असतानाचा, हसरा फोटो बरोबर न्या. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आरशात पाहा. फार पांढरे दात साठीच्या चेहऱ्यावर लांबूनच ओळखू येतात. किंचित पिवळसर छटा आणि एखादा दात थोडा फिरवलेला असेल तर कवळी कवळीसारखी दिसत नाही.

मग बोलून पाहा. "सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट" असं मोठ्याने म्हणा. दात एकमेकांवर आपटून टकटक आवाज आला तर कवळीची उंची जास्त झाली आहे. "फणस, वाफ, विहीर" म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकायला हवी. ओठात रुतत असेल तर दात लांब किंवा फार पुढे आहेत. शेवटी "म्" म्हणून ओठ सैल मिटा. या अवस्थेत वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर पुढे महिनाभर जबडा दुखत राहील. फट फार मोठी असेल तर चेहरा आक्रसलेला दिसेल आणि ओठांचे कोपरे लाळेने चिरतील. काही खटकलं तर तेव्हाच सांगा. "चालेल, सवय होईल" हे वाक्य या खेपेला वापरू नये.

लॅबमध्ये मेणाच्या जागी अॅक्रिलिक भरून ते गरम पाण्यात शिजवतात. सावकाश पद्धतीत ७४ अंशांना आठेक तास. घाईघाईत कमी शिजलं की कच्चं द्रव्य आत राहून तोंडात चुरचुरतं. शिजल्यावर कवळी पाण्यात ठेवलेली असावी. कोरड्या कागदी पुडीत हातात दिली तर दोन दिवस पाण्यात ठेवून मगच बसवायला सांगा.

बसवण्याचा दिवस

डॉक्टरांच्या खुर्चीतच तीन गोष्टी पाहून घ्या. वरच्या कवळीचे पुढचे दात अंगठ्याने बाहेरच्या दिशेला हलके ढकला. मागून सुटून खाली आली तर टाळूच्या मागच्या कडेची पकड कमी आहे. खालच्यासाठी तोंड अर्धवट उघडून जिभेचं टोक पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टेकवून स्थिर बसा. कवळी तरंगता कामा नये. आणि दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकतात का ते बघा. एक बाजू आधी टेकली तर त्या बाजूला फोड येणार हे ठरलेलंच.

जिभेच्या या जागेला पहिल्या दिवसापासून सवय लावा. खालची कवळी निम्मी तर जीभच धरून ठेवते. जीभ मागे ओढून बोलणाऱ्या माणसाची कवळी कितीही चांगल्या मापाची असली तरी उचलते.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात तोंडाला पाणी सुटतं. मेंदूला कवळी म्हणजे काहीतरी खाण्याचं वाटतं; गिळत राहा, थुंकू नका, आठवड्यात कमी होतं. उच्चारासाठी रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. शब्द अडखळतो तो पुन्हापुन्हा म्हणा.

खाण्याची सुरुवात मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, उपमा, शिरा यांनी करा. घास लहान, आणि तो दोन्ही बाजूंना वाटून चावायचा. एकाच बाजूला चावलं तर दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही: पेरू, सफरचंद, मक्याचं कणीस, पाव हे सगळं आधी कापून, सोलून मागच्या दाढांकडे. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून घ्या. पालेभाजीची लांब देठं बारीक चिरा. तीळ, खसखस, अंजिराच्या बिया आणि शेंगदाण्याचं कूट कवळीखाली जाऊन खड्यासारखं टोचतं, म्हणून उपासाची साबुदाणा खिचडी पहिल्या महिन्यात नको. चिक्की, सुकं खोबरं, कडक लाडू, सुपारी यांना कायमचं दूर ठेवलेलं बरं. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. तो वाढवायला गेलं की हिरडी सोलते.

दोन धोके लोकांच्या लक्षात येत नाहीत. टाळू प्लेटखाली झाकलेली असल्यामुळे चहा किती गरम आहे ते कळत नाही आणि घोट थेट घशात भाजतो. दुसरा मासे खाणाऱ्यांसाठी: काटा टाळूला जाणवतो म्हणून आपण तो बाहेर काढतो, कवळीवर तो जाणवतच नाही. कोकण-गोव्याकडच्या घरांत पहिले काही महिने सुरमई, रावस यांसारखे मोठ्या काट्यांचे मासे, तेही ताटात काटे काढून खावेत. पेडवे, तारली नंतर.

टोचणं पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येकाला होतं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तपासणीची वेळ आधीच घेऊन ठेवा. आणि दुखतंय म्हणून चार दिवस कवळी डब्यात ठेवून मग डॉक्टरकडे जाऊ नका. जखम भरून गेली तर नेमकं कुठे घासायचं हे कोणालाच दिसत नाही. तपासणीच्या दिवशी सकाळपासून ती तोंडात हवी. डॉक्टर जखमेवर कॉपिंग पेन्सिलीने जांभळा ठिपका देतात, कवळी बसवून काढतात, ठिपका कवळीच्या आत उमटतो, आणि तेवढीच जागा घासतात. दुसरी पद्धत पांढऱ्या पेस्टची: ब्रशने आतून बारीक रेघा ओढतात, कवळी दाबून बसवतात, आणि जिथे रेघा पुसून गुलाबी अॅक्रिलिक दिसतं तिथे दाब जास्त. घरी कानशी किंवा चाकूने खरवडलं तर घासलेली कड नेहमी चुकीची असते आणि कवळीची पकड जाते.

दुखणं कुठे आणि केव्हा, हे नेमकं सांगा. कडेवर एकच फोड असेल तर कड लांब आहे. संध्याकाळपर्यंत सगळी हिरडी आणि जबड्याचे स्नायू दुखत असतील तर उंची जास्त आहे, घासून भागणार नाही. गाल चावला जात असेल तर दाढांच्या बाहेरच्या कडा घासाव्या लागतात. गिळताना घसा दुखत असेल तर खालच्या कवळीची जिभेमागची टोकं लांब आहेत. खालच्या ओठात मुंग्या किंवा विजेसारखी कळ येत असेल तर हाड झिजून नस वर आली आहे आणि कवळी तिच्यावर दाबते आहे. तिथे आतून खळगा करून द्यावा लागतो.

अर्धवट कवळी बोटांनी दोन्ही बाजू एकदम दाबून बसवायची. दातांनी चावून बसवली की आकडे वाकतात. काढताना एकच आकडा नखाने ओढायचा नाही.

सफाई

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून वाहत्या पाण्याखाली धुवा. रात्री नीट घासा. बेसिनमध्ये आधी तळाशी टॉवेल अंथरा किंवा अर्धं बेसिन पाण्याने भरा. ओली, साबणाची कवळी हातातून निसटते आणि फुटण्याचं मोठं कारण हेच आहे. खालची कवळी मुठीत आवळून धरू नका, तिचे दोन हात मध्ये मोडतात. मऊ ब्रश आणि भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण किंवा हँडवॉश पुरेसा. टूथपेस्ट, दंतमंजन, राख, मिठाने अॅक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात, त्यांत बुरशी घर करते. मशेरी लावणाऱ्यांच्या कवळीवर काळा थर बसतो. तो खरवडून जात नाही आणि मुळात मशेरी सोडणं हाच त्याचा उपाय.

उकळतं किंवा कढत पाणी वापरू नका, आकार बिघडतो. पांढरट खड्यासारखा थर जमला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास ठेवा आणि ब्रशने घासा. धातूच्या सांगाड्याला हे करू नका. फसफसणाऱ्या गोळ्या ग्लासभर कोमट पाण्यात, पाकिटावरच्या वेळेप्रमाणे. त्या तोंडात घ्यायच्या नाहीत आणि कवळी नंतर भरपूर धुवायची. गोळी टाकली म्हणून ब्रश टळत नाही.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. झोपेत हिरड्यांना मोकळीक लागते. रात्रंदिवस घालणाऱ्यांच्या टाळूवर कवळीच्याच आकाराचा लालभडक पट्टा दिसतो, तो बुरशीचा संसर्ग. २०१५ साली जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या ५२४ जणांवर झालेल्या अभ्यासात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं होतं. सकाळी कवळी घालण्याआधी ओल्या मऊ कापडाने किंवा ब्रशने हिरड्या, टाळू आणि जीभ पुसा.

चिकटवायची पेस्ट

मापाच्या वरच्या कवळीला पेस्ट लागत नाही. हाड फार झिजलं असेल, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या औषधांनी तोंड कोरडं पडत असेल तर ती उपयोगी पडते, कारण कवळीला धरून ठेवतो तो लाळेचा पातळ थर. कवळी धुऊन कोरडी करा, वर तांदळाच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके, खाली तीन छोट्या रेघा, कडेपासून आत. कडेबाहेर पेस्ट आली तर प्रमाण जास्त झालं. दोन्ही कवळ्यांना रोज वापरली तरी ६८ ग्रॅमची नळी सात-आठ आठवडे पुरायला हवी. जस्त नसलेली पेस्ट घ्या. जस्ताची पेस्ट वर्षानुवर्षं भरमसाट वापरणाऱ्यांच्या शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांच्या नसा अधू झाल्याच्या नोंदी आहेत. पेस्ट हळूहळू जास्त लागायला लागली, तर ती ढिली झालेल्या कवळीची सूचना आहे.

ढिली झाली, मोडली

हाड झिजत राहतं, कवळी तशीच राहते. म्हणून वर्षातून एकदा दाखवा. दोन-तीन वर्षांनी आतून नवा थर देऊन घ्या, आणि पाच ते सात वर्षांत दात झिजले की नवी करा. दहा-पंधरा वर्षं तीच कवळी "छान बसली आहे" म्हणून वापरणाऱ्यांचा चेहरा आखूड होतो, ओठांचे कोपरे चिरतात, आणि ढिल्या कडेखाली हिरडीचे लोंबते पदर वाढतात. असा पदर वाढला तर माप घेण्याआधी तो कापावा लागू शकतो.

वरची कवळी मधोमध उभी तडकते, कारण दोन्ही बाजूंचं हाड झिजून ती मधल्या टणक टाळूवर डुलत असते. नुसती जोडून दिली तर ती पुन्हा तिथेच मोडेल. आतून थरही द्यायला हवा. फेव्हिक्विकने जोडू नका. थर जाडसर राहतो, तुकडे मूळ जागी बसत नाहीत, मग डॉक्टरलाही जोडता येत नाही. सगळे तुकडे, पडलेला दातसुद्धा, डब्यात घालून न्या. दुरुस्ती बहुतेक एका दिवसात होते.

वाट पाहत थांबायचं नाही अशी एक गोष्ट

कवळी घासून दिल्यावर जखम आठ-दहा दिवसांत भरायला हवी. दोन आठवड्यांनंतरही न भरणारा व्रण, कडक झालेली कड, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, आणि विशेषतः तंबाखू, गुटखा किंवा मशेरीची सवय असेल, तर ती जखम कवळीची समजून बसू नका. तुकडा काढून कर्करोगाची तपासणी करून घ्या. सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही मापाच्या आधीच सांगा. मोठा ट्रे आत जातच नाही आणि दोन भागांचा ट्रे करावा लागतो.

हरवणं आणि गिळणं

लग्नात जेवताना कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलेली कवळी पत्रावळीबरोबर जाते. नेहमी झाकणाची छोटी डबी बरोबर ठेवा, आत थोडं पाणी. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात असलेल्यांच्या कवळीत नाव टाकून द्यायला लॅबला आधीच सांगा. अॅक्रिलिकच्या पारदर्शक थराखाली चिठ्ठी बसवतात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना कवळी आहे हे सांगा आणि ती काढून नातेवाइकाच्या हातात द्या.

एक-दोन दातांची छोटी, तारेविनाची प्लेट सगळ्यांत धोक्याची. झोपेत, फिट आल्यावर किंवा दारूच्या नशेत ती घशात जाते. साधं अॅक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे स्वच्छ आहे" म्हणून माणूस घरी पाठवला जाऊ शकतो. प्लेट सापडत नसेल आणि घशात अडकल्यासारखं वाटत असेल, गिळताना दुखत असेल किंवा लाळ गळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा एंडोस्कोपी करणाऱ्यांना गाठा आणि कवळी अॅक्रिलिकची होती, आकार साधारण केवढा होता, तार होती की नव्हती, हे पहिल्याच वाक्यात सांगा. जुनी प्लेट किंवा तिचा फोटो असेल तर तोही बरोबर घ्या.